परदेशातून परतलेला देशभक्त : थॉमस क्लार्क

वार्षिक संमेलनाच्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवावे, असा प्रघात आहे. यंदा आम्ही जे चरित्र निवडले आहे ते आपल्या ज्ञातीतील नव्हे, आपल्या देशातीलही नव्हे. ते आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी ३ मे १९१६ रोजी डब्लिन येथे गोळ्या झेललेल्या थॉमस क्लार्क यांचे आहे. ज्ञातीच्या स्मरणिकेत या परक्या पुरुषाचे काय प्रयोजन, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास तो अस्थानी म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर आम्ही प्रथमच देऊन ठेवतो.

आपल्या ज्ञातीत आज असे घर विरळाच असेल, ज्यातील एखादा मुलगा, मुलगी, जावई वा पुतण्या दूरदेशी गेलेला नाही. परदेशी गेलेल्यांविषयी आपल्या बैठकांतून दोन प्रकारचे बोलणे नेहमी कानी पडते. गेले ते आपले राहिले नाहीत, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. वर्गणीची पावती फाडण्यापुरतीच आमची आठवण होते, अशी तक्रार परदेशी असलेले तरुण करतात. जो देश सोडून गेला त्याचे मागे राहिलेल्यांशी काय नाते उरते आणि त्याच्याकडून काय मागावे, हा प्रश्न आपल्याला नवा वाटत असला तरी आयर्लंडमध्ये तो शंभर वर्षांहून अधिक काळ घरोघरी विचारला गेला. त्या प्रश्नाचे एक उत्तर क्लार्क यांनी आपल्या आयुष्याने दिले. ते सर्वांनी जसेच्या तसे गिरवावे असे आम्ही सुचवीत नाही. परंतु ते प्रत्येक घराने जाणून घ्यावे असे मात्र आहे.

आयर्लंड हा लहानसा देश. १८४१ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या सुमारे ८२ लक्ष होती. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि गरिबांचे मुख्य अन्नच नाहीसे झाले. त्या दुष्काळात सुमारे १० लक्ष माणसे भुकेने व रोगराईने मेली आणि जवळजवळ तितकीच जहाजांत बसून देशोधडीला लागली. पुढेही हा ओघ थांबला नाही. १९०१ साली देशात अवघी ४५ लक्ष माणसे उरली होती. न्यूयॉर्क, बोस्टन, लिव्हरपूल, ग्लासगो अशा शहरांत आयरिश लोकांच्या दाट वस्त्या झाल्या. गोदीतील हमाली, रेल्वेचे खोदकाम, घरकाम अशी कष्टाची कामे करून ही माणसे आठवड्याच्या मजुरीतून घरी पैसे पाठवीत. घरभाड्याला आणि धाकट्या भावंडांच्या तिकिटाला लागणारा पैसा त्यातून येई. आणि देश स्वतंत्र करण्याचा चंग बांधलेल्या गुप्त मंडळ्यांनाही तोच पैसा लागत असे.

थॉमस क्लार्क यांचा जन्म मार्च १८५८ मधील. जन्मस्थान आयर्लंड नसून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील, आइल ऑफ वाइट बेटासमोरील हर्स्ट कॅसल होय. वडील आयरिश, पण नोकरी ब्रिटिश सैन्यातील. त्यामुळे ज्या सत्तेविरुद्ध मुलाने पुढे शस्त्र उचलले, तिच्याच वेतनावर त्याचे बालपण पोसले गेले. वडिलांच्या बदलीबरोबर काही वर्षे दक्षिण आफ्रिकेत काढून हे कुटुंब आयर्लंडच्या उत्तर भागातील डंगॅनन या गावी येऊन राहिले. तेथे तरुण टॉमने जमीनदारांचा जुलूम आणि धर्माधर्मांतील वितुष्ट डोळ्यांनी पाहिले. १८७८ साली लिमरिकचे जॉन डेली हे क्रांतिकारक त्या गावी आले असता त्यांच्या प्रभावाने तो आयरिश रिपब्लिकन ब्रदरहूड या गुप्त मंडळात सामील झाला. पुढे डेली यांच्या घराण्याशी त्याचे जे नाते जुळले, त्याचा हा प्रारंभ होय.

१८८० साली गावात पोलिसांशी चकमक झाली आणि अटकेच्या भीतीने क्लार्क यांना अमेरिकेची वाट धरावी लागली. न्यूयॉर्कला त्यांनी मिळेल ते काम केले आणि क्लॅन-ना-गेल या तेथील आयरिशांच्या गुप्त संघटनेत प्रवेश केला. इंग्लंडच्या राजधानीतच स्फोट घडवून सत्ताधाऱ्यांना जेरीस आणावे, असा विचार त्या काळी या मंडळींत बळावला होता. १८८३ साली या कामासाठी क्लार्क यांची रवानगी झाली. वाटेत त्यांचे जहाज हिमनगावर आदळले. प्रवाशांना वाचवून न्यू फाउंडलंड येथे उतरविण्यात आले. तेथून ते खोटे नाव धारण करून इंग्लंडला गेले. पण मंडळातीलच एक जण पुढे माफीचा साक्षीदार झाला आणि काही घडण्यापूर्वीच सर्व पकडले गेले. जून १८८३ मध्ये क्लार्क यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. त्या वेळी त्यांचे वय २५ वर्षांचे होते.

येथे आम्हांस एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. स्फोटके गर्दीच्या शहरात उडविण्याचा तो मार्ग निरपराध माणसांच्या जिवावर उठणारा होता. क्लार्क यांच्या हातून त्या वेळी कोणाचा प्राण गेला नाही, हे खरे. पण तो योगायोग होता, संयम नव्हे. चरित्रनायकाच्या थोरवीपुढे ही बाब झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. आपल्या मुलाबाळांच्या हाती हे पान जाणार आहे, आणि त्यांनी थोर माणसे डोळे उघडे ठेवून पाहावीत अशी आमची इच्छा आहे.

यानंतरची १५ वर्षे क्लार्क यांनी चॅटम व पोर्टलंड येथील तुरुंगांत काढली. अंदमानच्या कोठडीची वर्णने आपल्या वाचकांनी सावरकरांच्या लेखनातून वाचलेली आहेत. इंग्लंडच्या भूमीवरील या कोठड्याही तशाच होत्या. कैद्यांनी एकमेकांशी चकार शब्द काढायचा नाही, असा दंडक होता. रात्री वारंवार पहारेकरी येऊन आवाज करीत व झोपमोड करीत. अशा स्थितीत बरोबरच्या कैद्यांपैकी डॉ. गॅलाघर आणि व्हाइटहेड यांची बुद्धी भ्रमली. आपलेही मन असेच एक दिवस दगा देईल, ही भीती क्लार्क यांना सतत होती. तिच्यावर त्यांनी उपाय काढला तो मनाला काम देण्याचा. कोठडीच्या भिंतीतील विटा मोजाव्यात, दारावरचे खिळे मोजावेत, त्यांचे गुणाकार-भागाकार करावेत. पुढे जॉन डेली व जेम्स इगन हेही त्याच तुरुंगात आले, तेव्हा भिंतीवर टिचक्या मारून तारायंत्राच्या संकेतांनी संभाषण चालू झाले. तिघांनी एकमेकांचे मन शाबूत ठेवले, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे क्लार्क यांनी या वर्षांच्या आठवणी लिहिल्या. त्यांत आक्रोश फारसा नाही. एखाद्या कारकुनाने हिशेब मांडावा तशा नेटकेपणाने सर्व नोंदलेले आहे.

सप्टेंबर १८९८ मध्ये सुटका झाली तेव्हा ते चाळिशीचे, पण दिसण्यात वृद्ध झाले होते. जॉन डेली त्यांच्या दोन वर्षे आधी सुटले होते आणि १८९९ साली लिमरिकचे महापौर झाले. त्या नगराने क्लार्क यांना मानपत्र देऊन सन्माननीय नागरिक केले. डेली यांच्या घरी त्यांची पुतणी कॅथलीन हिची व क्लार्क यांची ओळख झाली. ती विशीतली, वडील नसलेल्या मोठ्या कुटुंबातील मुलगी. स्वतःचा शिवणकामाचा व्यवसाय उभारून चार पैसे मिळविणारी. वराचे वय जवळजवळ दुप्पट, हाती नोकरी नाही, माथी तुरुंगाचा शिक्का. घरच्यांना हा संबंध रुचला नाही, यात नवल ते काय? आपल्याकडच्या कोणत्या घरी असे स्थळ आनंदाने पत्करले असते?

मानपत्र मिळाले, पण नोकरी मिळाली नाही. सभांतून ज्यांचा जयजयकार झाला, त्यांना कारकुनाची जागा देण्यास कोणी पुढे आले नाही. १९०० साली क्लार्क यांनी पुन्हा एकदा अमेरिकेचा रस्ता धरला. पहिल्या वेळी त्यांना सरकारने घालवले होते. दुसऱ्या वेळी त्यांच्याच लोकांच्या उदासीनतेने घालवले. परदेशी गेलेल्या प्रत्येकाला लोभी ठरविण्यापूर्वी आपण हा प्रसंग आठवावा. घरचे दार बंद झाल्यामुळेही माणूस बाहेर पडतो.

कॅथलीनने आपला व्यवसाय मोडला व ती त्यांच्यामागे न्यूयॉर्कला गेली. जुलै १९०१ मध्ये तेथे त्यांचा विवाह झाला. पुढील काही वर्षे क्लार्क यांनी जॉन डेव्हॉय यांच्या हाताखाली 'गॅलिक अमेरिकन' या साप्ताहिकाचे काम पाहिले. हे पत्र १९०३ साली निघाले. आयर्लंडच्या प्रश्नाबरोबर हिंदुस्थानच्या प्रश्नालाही त्याने आपल्या स्तंभांत जागा दिली. बर्कतुल्ला आणि आपले मराठी बांधव सॅम्युएल ल्यूकस जोशी यांनी १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये पॅन-आर्यन असोसिएशन स्थापन केली, तेव्हा या पत्राच्या वर्तुळातील मंडळींनी त्यांना साहाय्य केले. परदेशात माणूस एकटा पडतो तसाच तो दुसऱ्या एकट्या पडलेल्याला ओळखूही लागतो, याचे हे उदाहरण होय.

१९०५ साली क्लार्क अमेरिकेचे नागरिक झाले. प्रकृती सांभाळावी म्हणून पतिपत्नींनी लाँग आयलंडवरील मॅनरव्हिल येथे शेत घेतले. एक मुलगा खेळू लागला होता. उघडी हवा, स्वतःचे घर, पोलिसांची पाळत नाही. १५ वर्षे कोठडीत काढलेल्या माणसाला आणखी काय हवे होते? कॅथलीनला हे जीवन आवडले होते. परंतु इंग्लंडचे जर्मनीशी युद्ध जुंपणार आणि ती आयर्लंडची संधी ठरणार, अशी क्लार्क यांची खात्री होत चालली होती. ही संधी येईल तेव्हा आपण समुद्रापलीकडे असता कामा नये, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. कॅथलीनने विरोध केला. पतीची सुटका अटींवर झालेली होती. परत गेल्यास त्यांना पुन्हा तुरुंगात डांबतील ही तिची भीती निराधार नव्हती. अखेर ती तयार झाली, आणि १९०७ च्या अखेरीस हे कुटुंब आयर्लंडला परतले.

परतल्यावर क्लार्क यांनी काय केले? व्यासपीठ गाठले नाही, भाषणे केली नाहीत. त्यांनी डब्लिनमध्ये तंबाखूचे व वृत्तपत्रांचे दुकान थाटले. प्रथम ॲमिएन्स स्ट्रीटवर आणि पुढे पार्नेल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. दुकानावर नाव आयरिश भाषेत लिहिलेले होते. काउंटरमागे चष्मा लावलेला, खांदे पुढे आलेला, मितभाषी माणूस उभा असे. येणारे गिऱ्हाईक तंबाखूची पुडी घेई, पैसे टाकी, आणि काही गिऱ्हाइके जरा अधिक वेळ रेंगाळत. समोरच्या बाजूला गुप्त पोलीस उभे असत आणि कोण आले, कोण गेले याची नोंद करीत. त्यांना येणारी माणसे दिसत. पण आत काय शिजते ते कळत नसे. अमेरिकेतून डेव्हॉय यांनी पाठविलेला पैसा क्लार्क यांच्याकडे येई आणि त्याचा विनियोग त्यांच्या नजरेखाली होई.

आयरिश रिपब्लिकन ब्रदरहूडला त्या काळी म्हातारपण आले होते. जुन्या मंडळींना आठवणी सांगण्यात समाधान वाटे. क्लार्क वयाने जुन्यांतले. पण त्यांनी तरुणांचा हात धरला. शॉन मॅकडरमॉट हा पोलिओने पाय अधू झालेला, स्कॉटलंडमध्ये कामधंदा करून आलेला तरुण त्यांचा उजवा हात झाला. १९१० साली 'आयरिश फ्रीडम' हे मासिक निघाले. १९१३ च्या नोव्हेंबरात आयरिश व्हॉलंटियर्स हे स्वयंसेवक दल उभे राहिले, तेव्हा शिक्षा भोगलेल्या माणसाचे नाव पुढे आल्यास दलाला बाध येईल म्हणून क्लार्क मुद्दाम मागे राहिले. संस्था चालविणाऱ्या आपल्या सर्वांनाच मान आणि खुर्ची यांचा मोह किती बळकट असतो हे ठाऊक आहे. ज्याने सर्वांहून अधिक सोसले त्याने सर्वांहून मागे बसावे, हे सोपे नाही.

१९१४ साली महायुद्ध पेटले. त्याच वर्षी उठाव करण्याचा निश्चय गुप्त मंडळाने केला. पुढच्या वर्षी एक घटना घडली तिचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. ओडोनोव्हन रोसा हे वृद्ध क्रांतिकारक जून १९१५ मध्ये न्यूयॉर्क येथे निवर्तले. त्यांचे शव मायदेशी आणावे, असा क्लार्क यांनी आग्रह धरला व अंत्ययात्रेची सारी व्यवस्था स्वतः केली. १ ऑगस्ट १९१५ रोजी डब्लिनच्या ग्लॅसनेव्हिन दफनभूमीत अफाट जनसमुदायासमोर पॅट्रिक पिअर्स यांचे भाषण झाले आणि देशाचे वातावरण पालटले. जिवंतपणी हद्दपारीत दिवस कंठलेला एक परदेशस्थ आयरिश मनुष्य मृत्यूनंतर घरी आला आणि त्याच्या येण्याने घरच्यांना जाग आली.

जानेवारी १९१६ मध्ये ब्रिटनमध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. तो आयर्लंडला लागू नव्हता. पण लंडन, लिव्हरपूल, मँचेस्टर, ग्लासगो येथे पोटासाठी राहिलेल्या आयरिश तरुणांना लागू होता. इंग्लंडसाठी खंदकात मरायचे की आयर्लंडसाठी काही करायचे, असा पेच त्यांच्यापुढे पडला. त्यांतील सुमारे ८० ते ९० जण डब्लिनला आले आणि शहराबाहेर किमेज येथील प्लंकेट कुटुंबाच्या जागेत, एका जुन्या गिरणीत, मुक्काम ठोकून काडतुसे व हातबाँब बनवू लागले. लंडनच्या टपाल-बचत खात्यात नोकरी केलेला मायकेल कॉलिन्स हाही त्याच सुमारास परतला. या मुलांतील कित्येकांचा जन्मच इंग्लंड-स्कॉटलंडमधील होता. त्यांची बोलण्याची ढबही तिकडची. डब्लिनच्या स्थानिक लोकांना ती परकी वाटे. परंतु ज्या देशात ते जन्मले नव्हते त्या देशासाठी ते आले होते. उठावाच्या सकाळी ही तुकडी बंदुका-भाल्यांसह ट्राममध्ये चढली आणि त्यांच्या कप्तानाने सर्वांची तिकिटे रीतसर काढली, अशी हकीकत सांगतात. एकाच दिवशी राज्य उलथायचे आणि ट्रामचे भाडे मात्र चुकवायचे नाही, असे ते लोक होते.

उठावासाठी ईस्टरचा रविवार, २३ एप्रिल हा दिवस ठरला होता. पण जर्मनीहून शस्त्रे घेऊन आलेले जहाज किनाऱ्याजवळ पकडले गेले आणि व्हॉलंटियर्सचे सेनापती मॅकनील यांनी रविवारच्या कवायती रद्द केल्याचे वृत्तपत्रात जाहीर केले. ज्या दिवसाची आठ वर्षे वाट पाहिली तो असा हातचा निसटत होता. रविवारीच बाहेर पडावे, असे क्लार्क यांचे मत होते. इतरांनी एक दिवस पुढे ढकलले. त्यांनी बहुमत मानले. सोमवार, २४ एप्रिल रोजी डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीचा ताबा घेण्यात आला व आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला गेला. त्यावरील सात सह्यांमध्ये पहिली सही ५८ वर्षांच्या क्लार्क यांची होती. अमेरिकेत विखुरलेल्या आयरिश संततीच्या साहाय्याचा उल्लेख त्या जाहीरनाम्यात आवर्जून केलेला आहे. सात जणांपैकी क्लार्क यांचा जन्म इंग्लंडमधला आणि जेम्स कॉनोली यांचा एडिंबरोचा. देशाबाहेर जन्मलेले दोघे देशाच्या जाहीरनाम्यावर सही करतात, यातच या चरित्राचे सार आले.

आठवडाभर तोफा धडाडल्या. २८ एप्रिलच्या शुक्रवारी जळती टपाल कचेरी सोडावी लागली. वाचकांना आठवण करून द्यावीशी वाटते की, त्याच दिवशी, २८ एप्रिल १९१६ रोजी, बेळगाव येथे लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. होमरूल हा शब्दच आयर्लंडहून आपल्याकडे आला. ज्या दिवशी आपण त्या शब्दाचा झेंडा उभारला, त्याच दिवशी डब्लिनमधील क्लार्क यांच्यासारखी माणसे तो मार्ग अपुरा मानून आगीतून बाहेर पडत होती. दोन देशांची दुःखे एक होती, वाटा भिन्न होत्या.

दुसऱ्या दिवशी शरणागती झाली. त्या आठवड्यात सुमारे ४८५ माणसे मेली आणि त्यांत अर्ध्याहून अधिक सामान्य नागरिक होते. हाही हिशेब इतिहासाने ठेवला आहे. कैद्यांना रोटुंडा इस्पितळाच्या बागेत उघड्यावर रात्रभर ठेवण्यात आले. तेथे एका अधिकाऱ्याने वृद्ध क्लार्क यांची कपडे उतरवून झडती घेतली. त्यांचे दुकान तेथून अवघ्या काही पावलांवर होते. २ मे रोजी लष्करी न्यायालयापुढे चौकशी उरकली. ३ मेच्या पहाटे किल्मेनहॅम तुरुंगाच्या आवारात पिअर्स, मॅकडोना व क्लार्क यांना गोळ्या घालण्यात आल्या. ते अमेरिकेचे नागरिक होते. त्याचा काही उपयोग झाला नाही, आणि तो त्यांना हवाही नसावा.

आमच्या मते चरित्र येथे संपत नाही. त्याच्या आदल्या रात्री कॅथलीनला पतीच्या भेटीसाठी आणण्यात आले. ती स्वतःही त्या वेळी अटकेत होती. तीन मुलांना आधीच लिमरिकला माहेरी पाठविलेले होते. चौथे मूल तिच्या पोटात होते. ही गोष्ट तिने पतीला सांगितली नाही. जाणाऱ्याच्या ओझ्यात आणखी भर कशाला, एवढाच तिचा विचार होता. ते मूल पुढे जगात आले नाही. दुसऱ्याच दिवशी, ४ मे रोजी, तिचा एकुलता एक भाऊ नेड डेली, वय अवघे २५, त्याच तुरुंगात त्याच रीतीने मारला गेला. १९०७ साली ज्या बाईने परत जाण्यास विरोध केला होता, तिची भीती अक्षरशः खरी ठरली होती.

आणि तरीही तिने केले ते पाहा. उठावात सर्व पुढारी मेले वा पकडले गेले तर संघटनेचे धागे कोणाच्या हाती द्यावयाचे, ती नावे कागदावर न लिहिता कॅथलीनच्या स्मरणात ठेवलेली होती. अमेरिकेतील आयरिशांनी पाठविलेल्या पैशांपैकी सुमारे ३,००० पौंड तिच्याजवळ होते. सुटका होताच तिने त्या पैशातून मृतांच्या व कैद्यांच्या कुटुंबांसाठी साहाय्य निधी उभा केला. ज्या घरांतील मिळवता माणूस गेला होता त्या घरी भाडे व शिधा पोचू लागला. १९१७ च्या आरंभी या निधीच्या चिटणीसपदी तिने मायकेल कॉलिन्सची निवड केली व आपल्या स्मरणातील नावे त्याच्या हवाली केली. घरोघर मदत पोचविण्याच्या त्या कामातूनच देशभर माणसे पुन्हा जोडली गेली आणि १९१९ ते १९२१ च्या स्वातंत्र्ययुद्धाचा पाया घातला गेला. डिसेंबर १९२१ च्या कराराने देशाचा मोठा भाग स्वायत्त झाला आणि १९४९ साली तो पूर्ण प्रजासत्ताक बनला. त्या करारावरून आयरिश लोकांत भावाभावांची लढाई पेटली आणि कॅथलीन व कॉलिन्स परस्परविरुद्ध बाजूंना गेले, हे दुःखद प्रकरणही त्यातच आहे. कॅथलीन क्लार्क १९३९ साली डब्लिनच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. १९७२ साली त्यांचे निधन झाले ते लिव्हरपूल येथे, मुलाच्या घरी. शेवटी त्यांनाही परदेशातच राहावे लागले होते; आणि शासकीय इतमामाने अंत्यविधी करण्यासाठी त्यांचे शव आयर्लंडला आणावे लागले.

१९६६ साली, उठावाच्या पन्नासाव्या वर्षी, डंडॉक गावच्या रेल्वे स्थानकास क्लार्क यांचे नाव देण्यात आले. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे स्थानक हे त्यांचे स्मारक असावे, हे आम्हांस फार उचित वाटते.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आपला देश स्वतंत्र आहे. परदेशी असलेल्या आपल्या मुलांनी सर्व टाकून परत यावे, असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही आणि तशी आमची इच्छाही नाही. क्लार्क यांच्या चरित्रातून आम्ही तीन गोष्टी घेतो. जो परदेशी जातो तो कधी आपल्याच उदासीनतेने गेलेला असतो, तेव्हा त्याला बोल लावण्यापूर्वी आपण त्याच्यासाठी काय केले ते तपासावे. दुसरी गोष्ट, दूर असलेल्याशी नाते केवळ पैशाचे ठेवू नये. डेव्हॉय यांच्या पैशाचे मोल क्लार्क यांच्यासारखे विश्वासू हात येथे होते म्हणून झाले. तसेच आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक रुपयाचा हिशेब त्याच चोखपणे पाठविणे हे आपले कर्तव्य आहे. तिसरी आणि आमच्या मते सर्वांत मोठी गोष्ट कॅथलीनची आहे. समाजासाठी जो पुढे जातो त्याचे मोल त्याचे घर देते. त्या घरातील बाईचे मत कोणी फारसे विचारीत नाही आणि मागाहून तिची आठवणही ठेवीत नाही. आपल्या शिष्यवृत्ती निधीच्या आणि विधवा साहाय्य निधीच्या यादीकडे या दृष्टीने पाहिले, तर ती दानधर्माची यादी वाटणार नाही. फेडावयाच्या ऋणाची वाटेल.

या चरित्राचे स्मरण करीत असता, आपल्या ज्ञातीतील जी माणसे दूरदेशी कष्टली, ज्यांची नावे कोणत्याही स्मरणिकेत आली नाहीत आणि ज्यांच्या घरच्यांनी मुकाट्याने वाट पाहिली, त्या सर्वांनाही आम्ही येथे आदरपूर्वक वंदन करतो.